उंदराचा सांधा, माणसाचा सांधा : आंतरप्रजातीय जनुकजाल-तुलनेची एक चिकित्सा

प्रस्तावना

सांधेदुखी हा ग्रामीण महाराष्ट्राला अतिशय परिचित, आणि कदाचित म्हणूनच दुर्लक्षित राहिलेला विकार आहे. बुलडाणा जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली, निंदण, खुरपणी, सोयाबीनची सोंगणी ही कामे तासन्‌तास उकिडवे बसून किंवा कमरेत वाकून करावी लागतात आणि त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा असतो. पन्नाशीनंतर गुडघे धरले तर ते वयाचे लक्षण समजले जाते. त्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी असे सहसा कोणाला वाटत नाही. या दुखण्याचे शास्त्रीय मोजमाप महाराष्ट्रात झालेले आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांच्या या पाहणीत १८.२ टक्के व्यक्तींना हाडे, स्नायू व सांधे यांची दुखणी असल्याचे आढळले. त्यांपैकी ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज, ५.८ टक्के प्रौढांमध्ये, तर र्‍हुमॅटॉइड संधिवात, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच सांध्याच्या अस्तरावर केलेला हल्ला, ०.५ टक्के प्रौढांमध्ये दिसून आला.

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध आजही उपलब्ध नाही. वेदनाशामके आणि अखेरीस कृत्रिम सांधा एवढेच पर्याय रुग्णापुढे असतात व त्यांतील दुसरा शेतमजूर कुटुंबाच्या आवाक्यातला नसतो. नव्या औषधाचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळा गेली दोन दशके ज्या मार्गाकडे आशेने पाहत आहेत, त्यांपैकी एक म्हणजे निरनिराळ्या प्रजातींतील जनुकजालांची तुलना होय. उंदीर, गिनीपिग, कुत्रा, घोडा, झेब्रामासा आणि माणूस यांच्या सांध्यांत आजाराच्या वेळी कोणते जनुक एकत्र कार्यरत होतात ते पाहायचे, सर्वांत समान असणारा गट शोधायचा आणि तेथे औषधाचे लक्ष्य ठरवायचे, असा हा विचार आहे. प्रस्तुत लेखात या विचाराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ही तुलना उपयुक्त आहे, हे लेखकास मान्य आहे. प्रश्न आहे तो तिच्यातून कोणता निष्कर्ष काढणे न्याय्य ठरते, आणि तिच्यातील ‘माणूस’ म्हणजे नेमका कोण, हा.

संकल्पना व कार्यपद्धती

पेशीतील जनुक एकएकटे काम करीत नाहीत. एक जनुक दुसऱ्यास चालना देतो, तिसऱ्यास आवरतो. अनेक नमुन्यांतील जनुकांच्या अभिव्यक्तीची पातळी मोजली असता काही जनुकांची पातळी बरोबरीने वाढते व बरोबरीने घटते. अशा जनुकांना परस्परांशी रेषांनी जोडले की जे चित्र तयार होते त्यास सहअभिव्यक्तीचे जनुकजाल म्हणतात, आणि त्यातील दाट विणीच्या भागास जनुकगट म्हणता येईल.

दोन प्रजातींची जाळी ताडून पाहण्यासाठी प्रथम त्यांच्या जनुकांच्या जोड्या लावाव्या लागतात. एकाच पूर्वज जनुकापासून दोन प्रजातींत उतरलेल्या अशा जोडीस येथे समपूर्वज जनुक म्हटले आहे. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा उंदराच्या सुमारे ८० टक्के जनुकांना मानवी जनुकसंचात एकास एक असा जोडीदार असल्याचे दिसून आले. पुढील वर्षी स्टुअर्ट व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात माणूस, फळमाशी, सूत्रकृमी आणि यीस्ट या चार सजीवांच्या सहअभिव्यक्तीची एकत्र तुलना प्रसिद्ध केली. या अभ्यासामागील तर्क साधा व आकर्षक होता. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत जो संबंध टिकून राहिला तो योगायोगाचा नसावा. त्याला काही कार्य असले पाहिजे. सांधेविकारांच्या क्षेत्रातही पुढे याच धर्तीची साधने निर्माण झाली. अनेक प्रजातींच्या कूर्चा व अस्थींवरील विखुरलेले अभ्यास एकत्र आणणारी ‘स्केलेटलव्हिस’ ही संगणकीय प्रणाली २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तर्काचा पहिला भाग, म्हणजे टिकून राहिलेला संबंध अर्थपूर्ण असतो, हा बहुतांशी ग्राह्य आहे. परंतु व्यवहारात त्यास एक दुसरा भाग नकळत जोडला जातो : जो संबंध दोन्हीकडे आढळत नाही तो महत्त्वाचा नाही. पहिल्या विधानातून हे दुसरे विधान निष्पन्न होत नाही. पुढील विवेचनाचा रोख या दुसऱ्या विधानावर आहे.

तुलनेचे श्रेय

कोणत्याही पद्धतीचे दोष दाखविण्यापूर्वी तिचे श्रेय नोंदविणे उचित ठरते. जीडीएफ-५ या जनुकाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. आखूड पायांच्या उंदरांचा एक वाण प्राणिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ज्ञात होता. त्याच्या मुळाशी जीडीएफ-५ मधील उत्परिवर्तन असल्याचे १९९४ मध्ये स्पष्ट झाले. १९९६ मध्ये माणसातील हातापायांची हाडे खुंटविणाऱ्या एका दुर्मीळ विकाराचा संबंध याच जनुकाशी जोडला गेला. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, या जनुकाच्या नियमनावर परिणाम करणारा एक सर्वसामान्य भेद ऑस्टिओआर्थ्रायटिसची जोखीम वाढवितो. येथे प्रथिनाची रचना बदललेली नव्हती, त्याचे प्रमाण कमी झाले होते. सांध्याची गर्भावस्थेतील घडण आणि म्हातारपणातील झीज यांचा धागा उंदराने दाखविला. त्याचे माणसाच्या आजाराशी असलेले नाते मात्र रुग्ण व निरोगी माणसे यांच्या तुलनेतून सिद्ध झाले.

र्‍हुमॅटॉइड संधिवातावरील टीएनएफ-रोधक औषधांची कथाही अशीच आहे. १९८९ मध्ये लंडन येथे फेल्डमन, मैनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या सांध्यांतील पेशींवर प्रयोग केले. टीएनएफ हे प्रथिन निष्प्रभ केल्यास दाहाची पुढील साखळी मंदावते, असे त्यांना आढळले. १९९१ मध्ये ग्रीसमधील संशोधकांनी मानवी टीएनएफचा जनुक उंदरांत घातला असता त्यांना संधिवात झाला आणि प्रतिपिंड दिल्यावर तो आटोक्यात आला. त्यानंतर रुग्णांवर चाचण्या होऊन या वर्गातील पहिली औषधे १९९८-९९ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी संमत झाली. या यशाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रश्न माणसाच्या सांध्यातून निघाला, उंदरात त्याची परीक्षा झाली आणि उत्तर पुन्हा माणसात तपासले गेले.

जुळणी कोठे फसली

उलट दिशेच्या प्रवासाचे उदाहरण म्हणून एडीएएमटीएस-५ या विकराकडे पाहता येईल. कूर्चेला लवचीकता देणाऱ्या अ‍ॅग्रिकन या रेणूचे तुकडे करणारे हे विकर आहे. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी असे दाखविले की, हा जनुक निकामी केलेल्या उंदरांची कूर्चा प्रायोगिक आजारातही मोठ्या प्रमाणात शाबूत राहते. माणसात हा जनुक आहे, कूर्चेत हे विकर आहे, अ‍ॅग्रिकनही तेच. जुळणी परिपूर्ण वाटत होती. या विकराला रोखणाऱ्या औषधाची ९३२ रुग्णांवर ५२ आठवडे चाचणी करण्यात आली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार कूर्चेचा ऱ्हास औषधाने मंदावला नाही. या अपयशाचे खापर केवळ प्रजातिभेदावर फोडणे योग्य होणार नाही. उंदरात जनुक जन्मापासून अनुपस्थित होता; रुग्णांना औषध मिळाले ते आजार रुजल्यानंतर. तथापि जनुकांची जुळणी हा भेद दाखवूच शकत नव्हती, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण भारतीय वाचकास अधिक जवळचे आहे. साधारणतः तीन ते आठ वर्षे वयात बोटांचे सांधे जाड व ताठर होणे, पुढे नितंब व गुडघे निकामी होत जाणे, अशी लक्षणे असलेला एक आनुवंशिक विकार आहे. बाहेरून तो मुलांच्या संधिवातासारखा दिसतो. पण रक्तात दाहाची चिन्हे नसतात. त्याचे कारण विस्प-३ या जनुकातील उत्परिवर्तन असल्याचे १९९९ मध्ये निश्चित झाले. आईवडील दोघांकडूनही सदोष प्रत मिळाल्यास हा विकार होतो. त्यामुळे नात्यातील विवाह रूढ असलेल्या समाजांत तो अधिक संभवतो, आणि हैदराबाद व मणिपाल येथील संशोधकांनी भारतीय कुटुंबांतील अशी उत्परिवर्तने प्रसिद्ध केली आहेत. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत असल्याने आपल्याकडेही हा विषय केवळ पुस्तकी नाही. आता उंदराकडे वळू. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदरातील हाच जनुक निकामी करण्यात आला. त्याच्या सांगाड्यात कोणताही दोष आढळला नाही. समपूर्वज जनुक आहे, जोडी बिनचूक आहे, तरीही एका प्रजातीत त्याचा अभाव बालकाला पंगू करतो आणि दुसरीत त्याची चाहूलही लागत नाही. केवळ उंदरावर विसंबणाऱ्या अभ्यासकाने हा जनुक यादीतून वगळला असता.

तिसरे उदाहरण दुर्दैवी आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात टीजीएन-१४१२ या प्रतिपिंडाची प्रथमच मानवी चाचणी झाली. रक्ताचा एक कर्करोग व र्‍हुमॅटॉइड संधिवात हे त्याचे उद्दिष्ट होते. माकडांनी याहून कितीतरी मोठी मात्रा विनातक्रार सहन केली होती आणि ज्या प्रथिनाला हे प्रतिपिंड चिकटते त्याचा पेशीबाहेरील भाग माकडात व माणसात सारखाच होता. तरीही औषध घेतलेले सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अत्यवस्थ झाले. पुढील संशोधनातून असे निष्पन्न झाले की, माणसाच्या एका विशिष्ट प्रकारच्या स्मृतिपेशींवर हे प्रथिन असते; माकडाच्या त्याच पेशींवर ते नसते. रेणू तोच होता, त्याचे जाळ्यातील स्थान वेगळे होते.

भाषेच्या अभ्यासकांना ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत आणि मराठीत एकाच संस्कृत शब्दापासून आला. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत दंड. व्युत्पत्ती सारखी म्हणून अर्थही सारखा मानणारा भाषांतरकार जी चूक करील तीच चूक समपूर्वज जनुकाला समकार्य जनुक मानणारा संशोधक करतो. जनुकजालाची संकल्पना खरे तर ही चूक टाळण्यासाठीच पुढे आली. ती कितपत टळते हे आता पाहू.

पद्धतीतील तीन उणिवा

पहिली उणीव गळतीची आहे. जाळी ताडण्यापूर्वी ज्यांना जोडीदार नाही असे जनुक कोष्टकातून वगळले जातात. ही तांत्रिक सोय आहे. परंतु तिची किंमत मोठी आहे. र्‍हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाच्या सांध्यातील द्रवात इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन विपुल आढळते. पांढऱ्या पेशींना सांध्याकडे ओढून आणण्याचे काम ते करते. त्याचा जनुक उंदरात नाही. तेथे तत्सम काम अन्य रेणू करतात. कोलॅजन तोडणारे एमएमपी-१ हे विकर माणसाच्या सांध्यात महत्त्वाचे आहे. उंदराच्या सांध्यात ती भूमिका प्रामुख्याने एमएमपी-१३ पार पाडते. र्‍हुमॅटॉइड संधिवाताची सर्वांत प्रबळ आनुवंशिक जोखीम एचएलए-डीआरबी-१ या प्रतिकारजनुकाशी निगडित आहे आणि प्रतिकारयंत्रणेच्या जनुकांचा हा प्रदेश प्रजातींमध्ये झपाट्याने बदलत आलेला आहे. म्हणजे आजाराच्या केंद्राशी असलेलेच काही जनुक तुलना सुरू होण्यापूर्वी बाहेर पडतात. त्यानंतर उरलेल्यांत मोठे साम्य आढळले, तर त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

दुसरी उणीव निवडीच्या उंबरठ्याची होय. हिचे सर्वांत बोधप्रद उदाहरण सांधेविकाराच्या थोडे बाहेरचे असले तरी दाहाच्या त्याच शास्त्रातील आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या गटाने गंभीर इजा, भाजणे व जिवाणुविष या तीन अवस्थांतील माणसाच्या व उंदराच्या जनुक-प्रतिसादांची तुलना केली आणि उंदीर माणसाशी फारच थोडे साम्य दाखवितो, असा निष्कर्ष काढला. जपानमधील ताकाओ व मियाकावा यांनी त्याच नियतकालिकात, त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण करून, उंदीर माणसाशी मोठे साम्य दाखवितो, असे प्रतिपादन केले. हा लेख २०१५ च्या खंडात छापला गेला. दोन्ही लेखांची शीर्षके एका शब्दप्रयोगापुरती भिन्न होती. फरक माहितीत नव्हता. पहिल्या गटाने माणसात लक्षणीय बदललेले सर्व जनुक घेतले. दुसऱ्याने माणसात आणि उंदरात, दोन्हीकडे लक्षणीय बदललेलेच घेतले. दोन्हीकडे बदललेले तेवढे वेचल्यावर जे बदलले नाहीत त्यांची साक्ष आपोआप वगळली जाते. उलट, माणसात बदललेला प्रत्येक जनुक उंदरात त्याच घटकेला बदललाच पाहिजे, ही अपेक्षाही अवाजवी म्हणता येईल, कारण प्रतिसादाचा वेग दोन्हीकडे भिन्न असतो. येथे कोण चूक याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, साम्याचा आकडा हा निसर्गाइतकाच संशोधकाच्या निवडीचाही परिणाम असतो, आणि ती निवड निष्कर्षाच्या शेजारीच नोंदविलेली असली पाहिजे.

तिसरी उणीव काळाची व भाराची. उंदराच्या गुडघ्यातील कूर्चा मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग जाड असते, माणसाची सुमारे दोन मिलिमीटर. उंदराच्या हाडांच्या वाढीच्या पट्ट्या प्रौढपणीही माणसाप्रमाणे पूर्ण मिटत नाहीत. प्रयोगात बहुधा तरुण उंदराच्या गुडघ्यातील एक अस्थिबंध कापून काही आठवड्यांत झीज घडवून आणतात. तीस वर्षे शेतात राबलेल्या गुडघ्याची झीज आणि शस्त्रक्रियेने आठ आठवड्यांत घडविलेली झीज यांच्या जाळ्यांत जे साम्य दिसेल ते बहुतेककरून कूर्चा मोडकळीस आल्यानंतरच्या अवस्थेचे असेल. घर कोसळल्यावर सगळीकडे विटांचाच ढीग दिसतो; ते पायामुळे कोसळले की छपरामुळे, हे ढिगावरून कळत नाही.

पुण्यातील एक उदाहरण : परिणाम एक, मार्ग दोन

या उणिवांवर उपाय नाही असे नाही. फरकाकडे लक्ष ठेवून केलेली तुलना कशी असते याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने इंटरल्यूकिन-३ या प्रथिनाचा अस्थिभक्षी पेशींवरील परिणाम अभ्यासला. संधिवातात सांध्यालगतचे हाड पोखरणाऱ्या पेशी त्या याच. २००३ मध्ये या गटाने दाखविले की, इंटरल्यूकिन-३ मुळे उंदराच्या पूर्वज पेशी अस्थिभक्षी होण्याऐवजी बृहत्‌भक्षी पेशींच्या वाटेला वळतात. तेवढ्यावर न थांबता त्यांनी हा प्रश्न मानवी पेशींना विचारला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते : मानवी पेशीही अस्थिभक्षी होत नाहीत, मात्र त्या डेन्ड्रायटिक या वेगळ्या प्रकारच्या प्रतिकारपेशींच्या वाटेला जातात.

अंतिम परिणाम, म्हणजे हाड पोखरणे थांबणे, दोन्हीकडे एकच आहे. केवळ तोच मोजणाऱ्यास जुळणी पूर्ण झाल्याचे समाधान मिळाले असते. परंतु डेन्ड्रायटिक पेशी प्रतिकारयंत्रणेला शत्रूची ओळख करून देतात आणि र्‍हुमॅटॉइड संधिवात हा मुळात चुकलेल्या ओळखीचा आजार आहे. त्यामुळे वळण कोठे गेले हा प्रश्न औषधाच्या दृष्टीने गौण राहत नाही. आजवर ज्या भेदाला तळटीप मिळत आली तोच येथे मुख्य निष्कर्ष ठरतो. टीएनएफच्या कथेतही, विस्प-३ च्या कथेतही, शिकायला मिळाले ते याच प्रकारे.

‘माणूस’ या रकान्यात कोण आहे?

आतापर्यंत उंदराच्या बाजूची चिकित्सा झाली. माणसाच्या बाजूची सहसा कोणी करीत नाही. अशा अभ्यासांच्या कोष्टकांत प्राण्यांचे वाण, वय, लिंग, आहार यांचा काटेकोर उल्लेख असतो आणि समोर एकच रकाना असतो : माणूस. हा माणूस कोण? मानवी कूर्चेचे नमुने मुख्यतः सांधेबदल शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या ऊतीतून मिळतात. म्हणजे ज्याला ही शस्त्रक्रिया परवडते, तीही आजाराच्या शेवटच्या टप्प्यावर, तोच या रकान्यात येतो. आनुवंशिकतेच्या मोठ्या अभ्यासांची स्थिती निराळी नाही. ऑस्टिओआर्थ्रायटिसवर २०२१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ८,२६,६९० व्यक्तींचा आणि २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये १९ लाखांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या प्रचंड संख्येतील बहुसंख्य व्यक्ती युरोपीय वंशाच्या आहेत.

यात काय बिघडले, असे विचारता येईल. सांधा तर सर्वांचा सारखाच. पण तोही सारखा नसतो, असे चीनमधील पाहणी सांगते. बीजिंग येथील साठ वर्षांवरील व्यक्तींची अमेरिकेतील समवयस्कांशी तुलना केली असता, बीजिंगच्या स्त्रियांत गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस अमेरिकेतील गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक, तर नितंबाच्या सांध्याचा अतिशय कमी आढळला. तारुण्यात दररोज बराच वेळ उकिडवे बसण्याचा आणि उतारवयातील गुडघ्याच्या झिजेचा संबंधही याच पाहणीत दिसून आला. एकाच प्रजातीत, एकाच नावाच्या आजाराने, दोन देशांत दोन वेगळे सांधे निवडले. अशा स्थितीत उंदीर माणसाशी किती जुळतो, या प्रश्नाला ‘कोणत्या माणसाशी?’ हा प्रतिप्रश्न विचारणे भाग आहे. निंदणाच्या पातीवर उकिडवी बसलेली सिंदखेडराजा वा मेहकर तालुक्यातील शेतमजूर स्त्री त्या रकान्यात जवळपास नाही. तिच्या नावे काढलेले निष्कर्ष तिला विचारून काढलेले नाहीत.

या संदर्भात दोन घडामोडी आशादायक आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीय व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली. आणि २०२४ मध्ये बुलडाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र जनुकसंचाची माहिती आजाराच्या माहितीशी जोडली गेली तरच बोलू लागते. कोणाचा कोणता सांधा, कोणत्या वयापासून, कोणत्या कामानंतर दुखतो, ही नोंद प्रयोगशाळेत तयार होत नाही. ती गावात जाऊनच करावी लागते.

येथे बहुविद्याशाखीय महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. जनुकजाल विणण्याची सामग्री आपल्याकडे नसेल. परंतु भिगवणच्या धर्तीवर एखाद्या तालुक्याची पाहणी आखणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या मार्गदर्शनाखाली, संबंधितांची संमती घेऊन व नैतिक समितीच्या मान्यतेने शक्य आहे. त्यात संख्याशास्त्र विभागाला नमुनानिवडीचे, प्राणिशास्त्र विभागाला सांध्याच्या रचनेचे, समाजशास्त्र विभागाला श्रमाच्या व नातेविवाहाच्या नोंदींचे काम आहे. मराठी विभागाचे कामही दुय्यम नाही. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का आणि किती वेळ, या एका प्रश्नावर निदान बरेच अवलंबून असते. र्‍हुमॅटॉइड संधिवातात हे आखडणे तासभर वा अधिक टिकते, झिजेच्या विकारात ते सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटते. कळ, ठणका, चमक, आखडणे, धरणे या शब्दांच्या छटा ज्याला उमगत नाहीत त्याची प्रश्नावली चुकीची उत्तरे गोळा करील, आणि ती चूक पुढे कोणत्याही संगणकाला दुरुस्त करता येणार नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रजाती-प्रजातींमधील जनुकजालांची तुलना हे सांधेविकारांच्या अभ्यासाचे समर्थ साधन आहे. जीडीएफ-५ व टीएनएफ यांच्या इतिहासाने ते सिद्ध केले आहे. तथापि साम्य हे औषधाच्या लक्ष्याचा पुरावा नसून पुढील परीक्षेचे निमंत्रण आहे. जोडीदार नसल्याने वगळलेले जनुक, निवडीचा उंबरठा आणि प्रायोगिक आजाराचा कालावधी या तीन गोष्टी साम्याच्या प्रत्येक आकड्यासोबत नोंदविल्या जाव्यात. न जुळणाऱ्या जनुकांची यादी जुळणाऱ्यांच्या यादीइतक्याच काळजीने प्रसिद्ध व्हावी, कारण एडीएएमटीएस-५, विस्प-३ व टीजीएन-१४१२ यांतील धडा त्या दुसऱ्या यादीतला आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उंदराच्या वाणाचा उल्लेख जितक्या काटेकोरपणे होतो तितक्याच काटेकोरपणे माणसाचाही व्हावा. तो कोणत्या देशाचा, कोणत्या श्रमाचा, आजाराच्या कोणत्या टप्प्यावरचा, हे ठाऊक नसेल तर तुलनेची एक बाजू अज्ञातच राहते. ही बाजू भरून काढण्याचे काम परदेशातील प्रयोगशाळा आपल्यासाठी करणार नाहीत. ते आपल्या जिल्ह्यातील गावांत, आपल्या भाषेत आणि बऱ्याच अंशी आपल्याच महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे.